काळ्या दगडाच्या मुलखात धारेचा दगड

धाराशिव जिल्ह्यातील कोणत्याही मोठ्या गावचा आठवडी बाजार घ्यावा. भाजी, धान्य आणि मिरचीच्या रांगा संपल्या, की बाजाराच्या कडेला पोते अंथरून जुने लोखंड विकणारे बसलेले असतात. दांडा गेलेल्या कुऱ्हाडी, गंजलेल्या पटाश्या, पाते हरवलेला एखादा रंधा, मोडक्या करवती असा सारा पसारा मांडलेला असतो. या साऱ्याच्या तळाशी पुष्कळदा तेलाने काळवंडलेला, मध्यभागी खोलगट झालेला एक चपटा दगडही पडलेला दिसतो. हत्यारांना धार लावण्याचा हा दगड म्हणजे निसणा. वस्तऱ्यासाठी वापरला जाणारा लहान, गुळगुळीत निसणा न्हाव्याच्या धोपटीत पथरी या नावाने नांदत असे.

या दगडांच्या बाबतीत दोन प्रकारचे नुकसान होत आले आहे. सुताराच्या पेटीतील लोखंड भंगारात विकले जाते आणि त्यासोबतचा उत्तम निसणा निरुपयोगी समजून पायात किंवा बांधावर टाकला जातो. याउलट, कुठल्याही दुकानात मिळणाऱ्या साध्या कृत्रिम दगडाला ‘जर्मन’ किंवा ‘विलायती’ म्हणून विकत घेणारे हौशी ग्राहकही असतात. दोन्हींचे कारण एकच. दगड ओळखायचा कसा, हे ज्यांना ठाऊक होते त्या कारागिरांच्या हातून काम सुटत चालले आहे. न्हाव्यांच्या हाती बदलत्या पात्याचे वस्तरे आले आणि पथरीची गरज संपली. सुतारांकडे विजेवर चालणारे रंधे आले. पेट्या माळ्यावर गेल्या आणि माळा रिकामा करताना बाजारात आल्या.

दगडाची ओळख पटवण्यास धाराशिव जिल्ह्याइतका सोयीचा मुलूख क्वचितच सापडेल. हा सारा जिल्हा दख्खनच्या काळ्या पाषाणावर, म्हणजे बेसाल्टवर वसलेला आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर साचून हा खडक तयार झाला. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर शास्त्रज्ञांनी जिल्ह्याच्या सीमेलगत, लातूर जिल्ह्यातील किल्लारी येथे खोल विंधनछिद्र घेतले, तेव्हा बेसाल्टची जाडी सुमारे ३३८ मीटर भरली. त्याखाली प्राचीन ग्रॅनाइटसदृश खडक लागला. नळदुर्गचा किल्ला, परंड्याचा कोट, घरोघरची जाती आणि पाटे-वरवंटे हे सर्व याच काळ्या दगडाचे. वालुकाश्म, पाटीचा दगड किंवा कुरुंद या जिल्ह्याच्या भूमीत नाही. म्हणजेच येथील एखाद्या पेटीत सापडलेला निसणा काळ्या पाषाणाचा नसेल, तर तो बाहेरून आलेला आहे, एवढे पहिल्या पायरीवरच निश्चित होते. कोकणात किंवा विदर्भात असे ठामपणे म्हणता येत नाही.

मग येथील लोकांनी काळ्या पाषाणावरच का भागवले नाही? शेतकऱ्याने तसे भागवलेच. जुन्या विहिरींच्या काठांवर, देवळांच्या पायऱ्यांवर आणि वाड्यांच्या उंबरठ्यांवर दिसणाऱ्या गुळगुळीत खाचा विळे, खुरपी आणि कुऱ्हाडी घासून पडलेल्या आहेत. विळ्याचे लोखंड तुलनेने मऊ असते आणि धार फार बारीक नसली तरी कापणी अडत नाही. परंतु बेसाल्टमधील मुख्य खनिजांची कठीणता सहाच्या आसपास आहे आणि पाणी दिलेले चांगले पोलाद तिच्या बरोबरीचे, प्रसंगी तिच्यापेक्षा वरचढ असते. त्यामुळे पटाशी किंवा वस्तरा बेसाल्टवर घासला असता पोलाद कापले जाण्याऐवजी नुसते चकाकू लागते. सुताराला आणि न्हाव्याला पोलादाहून स्पष्टपणे कठीण कण असलेला दगड हवा होता, आणि तो विकतच घ्यावा लागत असे.

हे दगड जिल्ह्यात कोणत्या वाटेने आले असावेत, याचा अंदाज बांधता येतो. बार्शीची अरुंदमापी रेल्वे १८९७ मध्ये सुरू झाली आणि येडशी, ढोकी करीत १९११ पर्यंत लातूरला पोहोचली. निजामी अमलातील या भागाला तिच्यामुळे मुंबईच्या बाजारपेठेशी थेट संबंध जोडता आला. सोलापूरची पेठ तर जवळचीच. ती छोटी गाडी २००७-०८ मध्ये रुंदमापी मार्गाला जागा देऊन इतिहासजमा झाली.

दगड हाती आल्यावर बहुतेक जण तो आधी धुतात. ही घाई टाळावी. प्रथम त्याची झीज पाहावी, कारण झिजेवरून दगड कोणाच्या हातात होता हे कळते आणि त्यावरून त्याची जात कळण्यास मोठी मदत होते. सुतार रंध्याचे पाते दगडाच्या मध्यभागी पुढे-मागे घासतो. त्याचा दगड लांबीच्या दिशेने होडीसारखा खोलगट होतो, मात्र दोन्ही टोके उंच राहतात. वस्तरा दगडावर आडवा, पूर्ण टेकवून फिरवला जातो आणि त्यावर जोर जवळजवळ दिला जात नाही. म्हणून न्हाव्याची पथरी वर्षानुवर्षे वापरूनही सपाट असते, फार तर पातळ झालेली असते. चर्मकाराच्या दगडावर आरीच्या टोकाने पडलेल्या अरुंद, खोल रेघा दिसतात. विळ्याची धार वाकडी असल्याने तेथे हत्यार स्थिर राहते आणि दगड हातात धरून फिरवला जातो. असा दगड सर्व बाजूंनी गोलसर, चातीसारखा मध्ये फुगीर किंवा मध्ये बारीक झालेला असतो. सपाट, लहान, तेलाचा अंशही नसलेला आणि कडा साबणाने पांढुरक्या झालेल्या दगडाला विक्रेता सुताराचा म्हणत असेल, तर त्याच्या बोलण्यावर विश्वास ठेवण्याचे कारण नाही. तो पथरीच असण्याचा संभव अधिक, आणि पथरी कधीही जास्त मोलाची.

लाकडी खोबणीत बसवलेला दगड उपसून काढण्याचा मोहही आवरावा. बाभळीच्या किंवा सागाच्या तुकड्यात कोरलेली ती खोबण कारागिराने स्वतःच्या हाताने केलेली असते. दगड सहज निघत असेल तर मात्र त्याची पाठ अवश्य पाहावी. न झिजलेल्या पाठीवर मूळ रंग, करवतीच्या खुणा आणि क्वचित कारखान्याचा ठसा शिल्लक असतो.

यानंतर सफाई. मराठवाड्यात करडई आणि जवस ही जुनी तेलबियांची पिके. घरात जे तेल असे तेच निसण्यावर पडत असे. ही दोन्ही तेले हवेत हळूहळू वाळून घट्ट होतात. जवसाचे तेल तर रंग आणि रोगणात त्याच गुणासाठी वापरतात. त्यामुळे अनेक जुन्या दगडांवर तपकिरी, चकचकीत, राळेसारखे कवच चढलेले असते. दगड करडा असो की पिवळा, वरून सारे एकाच रंगाचे दिसतात आणि धारही लागत नाही. ‘दगड मेला’ असे म्हणून टाकून दिलेले कितीतरी निसणे केवळ या कवचाखाली गुदमरलेले असतात. रॉकेल किंवा टर्पेंटाइनमध्ये एक-दोन दिवस बुडवून, जुन्या ब्रशने घासून, मग धुण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्याने धुतले असता मूळ रूप बाहेर येते. हे काम विस्तवापासून दूर, मोकळ्या हवेत करावे. दगड उकळू नये. थर असलेले नैसर्गिक दगड आणि सरसाने जोडलेले दगड उकळल्याने उकलतात.

दगड स्वच्छ झाला, की पहिला प्रश्न असा: तो काळा पाषाण आहे काय? बेसाल्टमध्ये चुंबकीय लोहखनिजाचे सूक्ष्म कण असतात. जुन्या रेडिओच्या स्पीकरमधील किंवा त्याहून जोरदार चुंबकाचा छोटा तुकडा दोऱ्याला टांगून दगडाजवळ नेला, तर तो किंचित ओढला जातो. मात्र ही परीक्षा न झिजलेल्या बाजूवर घ्यावी, कारण वापरलेल्या बाजूत पोलादाचा कीस रुतलेला असतो आणि चुंबक त्याकडेच धाव घेतो. बेसाल्टमध्ये पुष्कळदा पांढऱ्या खनिजांनी भरलेली लहान छिद्रे दिसतात, तीही चांगली खूण होय.

बेसाल्ट नसेल तर दुसरा प्रश्न: दगड निसर्गातला की कारखान्यातला? येथे धाराशिवच्या शेतात कुठेही सापडणारी गारगोटी उपयोगी पडते. गारगोटीची कठीणता सात. तिच्या गुळगुळीत बाजूवर संशयित दगडाचा कोपरा दाबून ओढावा आणि भुकटी पुसून पाहावे. ठळक ओरखडा उरला, तर त्या दगडात कार्बोरंडम किंवा कुरुंदाच्या जातीचे कण आहेत, कारण या दोहोंची कठीणता नऊ किंवा त्याहून अधिक असते. ओरखडा न उरता नुसती रेघ पुसली गेली, तर दगड नैसर्गिक असण्याचा संभव मोठा.

कार्बोरंडम हा शोध तसा अलीकडचा. अमेरिकेत एडवर्ड ॲचिसन यांनी १८९१ मध्ये विजेच्या भट्टीत हा पदार्थ तयार केला आणि काही वर्षांतच नायगारा धबधब्याच्या विजेवर त्याचे मोठे उत्पादन सुरू झाले. भारतात मुंबईनजीक उरणजवळच्या मोरा येथे १९४१ मध्ये ग्राइंडवेल हा घर्षणचाके बनवणारा कारखाना निघाला आणि १९५४ मध्ये मद्रासला कार्बोरंडम युनिव्हर्सल ही कंपनी स्थापन झाली. त्यानंतरच्या काळात एका बाजूने खरखरीत व दुसऱ्या बाजूने मऊ असा दुपदरी करडा दगड गावोगावच्या हार्डवेअरच्या दुकानांत पोहोचला. बाजारातील पोत्यांवर आज जे जुने निसणे दिसतात, त्यांतील बहुतांश याच कुळातले. त्यांना कमी लेखण्याचे कारण नाही. काम ते उत्तम देतात. फक्त त्यांच्यासाठी पुराणवस्तूचा भाव मोजू नये. उन्हात धरल्यावर बारीक, काळसर, आरशासारखे चमकणारे कण आणि दोन पदरांची सरळ जोडरेषा दिसली, की ओळख पुरी झाली. तपकिरी-नारिंगी रंगाचे कृत्रिम दगड ॲल्युमिनियम ऑक्साइडचे, म्हणजे मानवनिर्मित कुरुंदाचे असतात. त्यांच्यावर रोमन लिपीत ‘इंडिया’ असा शब्द आढळला तर फसू नये. अमेरिकेच्या नॉर्टन कंपनीच्या एका प्रसिद्ध दगडाचे ते नाव आहे, उत्पादनाचा देश नव्हे.

खोका किंवा चिठ्ठी शिल्लक असेल तर तारखेचा अंदाज आणखी जवळ आणता येतो. किंमत आण्यांत असेल तर माल १९५७ च्या दशमान नाणेपद्धतीपूर्वीचा असण्याचा संभव आहे. पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर खोका १९७२ नंतरचा, कारण पिनकोड त्या वर्षीच्या १५ ऑगस्टला सुरू झाला. ‘बॉम्बे’ आणि ‘मद्रास’ ही नावे अनुक्रमे १९९५ आणि १९९६ मध्ये बदलली. ‘वेस्ट जर्मनी’ हा शिक्का १९४९ ते १९९० या काळाबाहेरचा असू शकत नाही. इंचांतील मापावरून मात्र काहीच ठरवता येत नाही. हार्डवेअरचा धंदा आजही इंचांतच बोलतो.

चिठ्ठी नसेल तर तराजू आहे. स्वयंपाकघरातील इलेक्ट्रॉनिक काट्यावर दगडाचे कोरडे वजन ग्रॅममध्ये घ्यावे. मग काट्यावर पाण्याचे भांडे ठेवून आकडा शून्य करावा आणि दगड दोऱ्याने असा टांगावा, की तो पूर्ण बुडेल पण तळाला किंवा बाजूंना टेकणार नाही. काट्यावर जो आकडा येतो तो दगडाचे घनसेंटिमीटरमधील आकारमान होय. वजनाला त्याने भागले की घनता मिळाली. समजा दगड ६३८ ग्रॅमचा आणि पाण्यातील आकडा २२०, तर घनता २.९ झाली, ती बेसाल्टची. गारेच्या जातीचे दगड २.६ च्या सुमारास आणि पाटीच्या जातीचे २.७ ते २.८ च्या दरम्यान येतात. कृत्रिम दगडांचे कण जरी जड असले, तरी त्यांत भरपूर पोकळ्या असल्याने सबंध दगडाची घनता पुष्कळदा २.४ च्याही खाली राहते. पाण्यात टाकताच बुडबुडे निघाले तर भागाकार करण्याचीही गरज नाही. अपवाद एवढाच, की तेल पूर्ण मुरलेला कृत्रिम दगड बुडबुडे देत नाही आणि जडही भासतो. म्हणून सफाई आधी.

आठ इंच लांब, दोन इंच रुंद आणि एक इंच जाड हे निसण्याचे प्रचलित माप. या मापाचा काळा पाषाण सुमारे ७६० ग्रॅम भरेल, गारेचा दगड ६८० च्या आसपास आणि साधा करडा कारखानी दगड सहाशेच्याही आत. हाताला सवय झाली, की हा फरक बाजारात उभ्या उभ्या कळतो.

आता राहिले खरे दुर्मीळ पाहुणे. अमेरिकेतील आर्कन्सा प्रांताचा पांढरा किंवा काळा, अत्यंत एकजीव दगड हा सुतार आणि कोरीवकाम करणाऱ्यांचा जगभर आवडता. त्याच्या पातळ कडेमागे अंधारात मोबाईलचा दिवा धरला तर उजेड झिरपतो. पण आपल्याकडे येथे एक गफलत होते. बेसाल्टच्या पोकळ्यांत तयार होणारा अकीकही उजेड झिरपू देतो. अकीकात बहुधा वर्तुळाकार किंवा लहरी पट्टे दिसतात. आर्कन्साचा दगड पट्ट्यांविना सारखा असतो आणि नखाने चाचपले असता अगदी सूक्ष्म रवा जाणवतो. अकीक काचेसारखा निसटतो. सोनाराकडील घोटणीचा अकीक दागिन्याला झळाळी देतो. धार तो लावणार नाही. बेल्जियमची पिवळसर पथरी वस्तऱ्यासाठी विख्यात आहे. तिच्या खाली गडद रंगाच्या पाटीच्या दगडाचा पदर असतो, कधी निसर्गतः जुळलेला तर कधी सरसाने चिकटवलेला. दुपदरी म्हणजे कृत्रिम, हा वर सांगितलेला ठोकताळा येथे चुकतो. पिवळ्या पदरात चमकणारे काळे कण नसणे हा भेद लक्षात ठेवावा. वेल्स आणि जर्मनीतील थुरिंजियाचे निळसर-करडे दगड पाटीच्या जातीचे.

या पाटीच्या दगडांच्या नावाखाली खपवले जाणारे तुकडे मात्र अनेकदा अगदी शेजारचे असतात. गुलबर्ग्याकडची शहाबादी फरशी आणि आंध्रातला काळा कडप्पा हे दोन्ही चुनखडीच्या जातीचे. घासून गुळगुळीत केलेला कडप्प्याचा तुकडा दिसायला पथरीसारखाच दिसतो. त्याच्या कडेवर खिळ्याने ओरखडून थोडी भुकटी काढावी आणि तीवर व्हिनेगरचा थेंब टाकावा. फसफसले तर तो दगड फरशीला योग्य आहे, निसणा म्हणून नव्हे. चुनखडीची कठीणता तीनच्या आसपास आणि खिळ्याचे लोखंड तिच्याहून वरचढ.

सर्वांत जपून हाताळावी अशी वस्तू म्हणजे शिकलगाराची जुनी साण. कुरुंदाची भुकटी वितळलेल्या लाखेत मिसळून केलेले हे चाक. इंग्रजीतील ‘कोरंडम’ हा शब्दच मुळी आपल्या कुरुंद, कुरुविंद या शब्दकुळातून तिकडे गेला. कुरुंद दक्षिण भारतात, विशेषतः जुन्या म्हैसूर राज्यात आणि सेलमच्या परिसरात सापडतो. तलवारी, जंबिये आणि पुढे कात्र्या-सुऱ्या या चाकांवर उजळल्या गेल्या. शिकलगार सायकलवर बसवलेली कारखानी चाके वापरू लागले आणि लाखेच्या साणा मागे पडल्या. तांबूस-काळपट, कडेने झिजलेले, मध्यभागी चौकोनी किंवा गोल भोक असलेले चाक दिसले, तर तापवलेली सुई कोपऱ्याला लावून पाहावी. लाखेचा वास ओळखीचाच असतो. अशा साणेला गरम पाणी, ऊन आणि स्पिरिट या तिन्हींपासून दूर ठेवावे, नाहीतर लाख मऊ पडून चाक बसते. ती वापरात आणण्यापेक्षा जपून ठेवणेच बरे. वालुकाश्माचे जुने चाक हाती लागले, तर ते कोरडे कधीही फिरवू नये. त्याची धूळ फुप्फुसात गेल्यास सिलिकोसिस हा असाध्य आजार जडतो.

इतके करूनही एखादा दगड ओळखू येत नाही, असे अनेकदा घडते. तेव्हा नाव शोधत बसण्यापेक्षा काम पाहावे. नीट पाणी दिलेली एक जुनी पटाशी घ्यावी, दगडावर थोडे पाणी घालून वीस-पंचवीस हात फिरवावेत. पाणी पटकन काळे झाले तर दगड पोलाद कापतो आहे. पाणी स्वच्छच राहिले आणि पाते नुसते चकाकले, तर त्या दगडाचा उपयोग फार तर शेवटच्या घोटणीपुरता. पाण्याला दगडाचाच रंग आला तर बंध मऊ आहे; असा दगड लवकर झिजतो, पण अनेकदा गोड धार देतो.

खोलगट दगड सपाट करण्यासाठी शहाबादी फरशीवर ओली वाळू किंवा कार्बोरंडमची भुकटी पसरून तो गोल गोल घासण्याची रीत जुनी आणि खात्रीची आहे. मात्र घासण्यापूर्वी दगडाचे सर्व बाजूंनी छायाचित्र घ्यावे, तो कोणत्या गावच्या, कोणत्या कारागिराच्या पेटीतून आला हे विक्रेत्याला विचारून कागदावर टिपून ठेवावे आणि तो कागद दगडासोबत राहू द्यावा. एकदा तोंड सपाट झाले, की सुताराच्या तीस-चाळीस वर्षांच्या हाताची खूण वाळूबरोबर वाहून गेलेली असते.